रक्तापोहनातील वाहिनीमार्ग

वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य कायमचे बंद पडलेल्या रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढून, ते कृत्रिम वृक्कात शुद्ध करून पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचारास रक्तापोहन (डायालिसिस) म्हणतात [→ अपोहन]. त्यासाठी रुग्णाच्या रक्तवाहिन्यांमध्ये जी कायम स्वरूपाची सोय करावी लागते, तिला वाहिनीमार्ग असे म्हणतात. अपोहनाचे यंत्र कितीही कार्यक्षम असले, तरी त्याला पुरेसे रक्त पोहोचवणारा मार्ग नसेल तर ते निरुपयोगी ठरते. शिवाय हा मार्ग कालांतराने अरुंद होऊन बंद पडण्याची प्रवृत्ती दाखवतो व शरीरात तो करण्याजोग्या जागा मोजक्याच असतात. म्हणूनच दीर्घकाल अपोहनावर असलेल्या रुग्णाचे आयुष्य पुष्कळ अंशी वाहिनीमार्गाच्या आयुष्यावर अवलंबून असते.

गरज : अपोहनाच्या एका सत्रास साधारणपणे चार तास लागतात. या वेळात दर मिनिटास सुमारे ३०० मिलि. या वेगाने रक्त यंत्रातून फिरवले, तर एका सत्रात ७२ लिटर रक्त यंत्रातून जाते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात रक्त सु. ५ लिटरच असल्याने तेच रक्त अनेक वेळा यंत्रातून जाते, असा याचा अर्थ होतो. त्वचेखालील नीला सुईने टोचण्यास सोप्या असतात. परंतु त्यांतील प्रवाह मंद व दाब कमी असल्यामुळे पंपाने ओढताच त्या मिटतात. रोहिणीत दाब व प्रवाह दोन्ही असतात. परंतु ती खोल असते आणि वारंवार टोचल्यास रक्तस्राव व इजा होण्याचा धोका असतो. नीलेची सुलभता आणि रोहिणीचा प्रवाह यांचा एकाच वाहिनीत मेळ घालणे, हा वाहिनीमार्गाचा मूळ हेतू होय.

इतिहास : नेदर्लंड्समधील विलेम कॉल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाचे पहिले व्यवहार्य कृत्रिम वृक्क वापरले. त्यांच्या आरंभीच्या रुग्णांपैकी २९ वर्षांच्या एका स्त्रीवर बारा वेळा अपोहन करण्यात आले. प्रत्येक वेळी नवी वाहिनी उघडावी लागे. अखेर वापरण्याजोग्या वाहिन्या उरल्या नाहीत, म्हणून उपचार थांबले व ती दगावली. यंत्र चालू असताना केवळ मार्ग संपल्याने रुग्ण गमवावा लागतो, ही अडचण अशा रीतीने अगदी प्रारंभीच स्पष्ट झाली. त्यामुळे पुढील सोळा-सतरा वर्षे अपोहनाचा उपयोग मुख्यतः वृक्के काही काळापुरती बंद पडलेल्या रुग्णांसाठीच होत राहिला.

१९६० मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर व त्यांचे सहकारी वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनच्या नळ्या रोहिणीत व नीलेत कायमच्या बसवून त्यांची टोके हाताबाहेर एकमेकींस जोडण्याची युक्ती काढली. टेफ्लॉनला रक्त सहसा चिकटत नाही. ही सोय झालेले पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर सु. अकरा वर्षे जगले. वृक्के कायमची निकामी झालेल्यांना दीर्घकाल जगवता येते, हे यावरून सिद्ध झाले. तथापि या बाह्य नळ्यांमध्ये जंतुसंसर्ग व रक्तक्लथन (रक्त गोठणे) वारंवार होई. १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथील ब्रेशिया, सिमिनो, अपेल व हर्विच यांनी मनगटाजवळची रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने एकमेकींस जोडण्याच्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. यात कोणतीही परकी वस्तू शरीरात राहत नाही. हीच पद्धत आजही सर्वांत श्रेयस्कर मानली जाते.

प्रकार : वाहिनीमार्गाचे मुख्य प्रकार तीन आहेत. (१) रोहिणी-नीला नालव्रण किंवा फिस्टुला : यात जेथे नाडी पाहतात ती मनगटाजवळची रोहिणी किंवा कोपराजवळची रोहिणी लगतच्या नीलेस जोडतात. तो वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे ते तीन महिने लागतात. मात्र एकदा तयार झाला की तो इतर प्रकारांपेक्षा अधिक काळ टिकतो व त्यात जंतुसंसर्ग कमी होतो. (२) कृत्रिम वाहिनी किंवा ग्राफ्ट : नीला योग्य नसल्यास रोहिणी व नीला यांच्यामध्ये विशिष्ट प्लॅस्टिकची नळी त्वचेखाली बसवतात. ती साधारणतः दोन-तीन आठवड्यांत वापरता येते. परंतु ती लवकर अरुंद होते. (३) कॅथेटर : मानेतील अथवा मांडीतील मोठ्या नीलेत घातलेली दुहेरी पोकळीची नळी. ती तत्काळ वापरता येते. तातडीच्या वेळी तिला पर्याय नसतो. तथापि रक्तातील जंतुसंसर्गाचा धोका तिच्यात सर्वाधिक असून ती मोठ्या नीलांना इजाही करते.

फिस्टुला पक्व होणे : रोहिणी व नीला जोडताच रक्त केशवाहिन्यांचा लांबचा मार्ग सोडून थेट नीलेत शिरते. मनगटाच्या रोहिणीतून एरवी मिनिटास सु. २०–३० मिलि. रक्त वाहते, जोडणीनंतर लगेच ते कित्येक पटींनी वाढते आणि उत्तम फिस्टुला पक्व झाल्यावर ५०० ते १,००० मिलि. किंवा त्याहूनही अधिक होते. या प्रवाहास प्रतिसाद म्हणून नीलेचा व्यास वाढतो व तिची भित्ती जाड होते. सहा आठवड्यांनंतर मिनिटास ६०० मिलि. प्रवाह, ६ मिमी. व्यास आणि त्वचेखाली ६ मिमी.पेक्षा कमी खोली, असा पक्वतेचा ढोबळ नियम सांगतात.

प्रत्येक फिस्टुला या अवस्थेस पोहोचतोच असे नाही. अमेरिकेतील ८७७ रुग्णांवर केलेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सु. ६० टक्के नवे फिस्टुला अपोहनास योग्य ठरले नाहीत. या अभ्यासात काही रुग्णांना बिंबाणूंचे (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणिकांचे) पुंजके होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल हे औषध दिले होते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात फिस्टुला गोठण्याचे प्रमाण १९·५ टक्क्यांवरून १२·२ टक्क्यांवर आले. परंतु वापरण्याजोग्या फिस्टुलांचे प्रमाण मात्र वाढले नाही. रक्त गोठणे हा या विकाराचा शेवट आहे, त्याचे मूळ वाहिनीच्या भित्तीत आहे, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

अरुंद होण्याची कारणे : नीलेची रचना मंद व कमी दाबाच्या प्रवाहासाठी असते. तिचा मध्यस्तर रोहिणीच्या मानाने पातळ असून त्यात अरेखित स्नायू व लवचिक तंतू कमी असतात. फिस्टुला केल्यावर तिला अकस्मात रोहिणीचे काम करावे लागते. ज्या बदलांमुळे ती या कामास योग्य होते, तेच बदल मर्यादेबाहेर गेल्यास तिचा नाश करतात.

वाहत्या रक्ताची वाहिनीच्या अस्तरावर, अस्तराला समांतर अशी ओढ पडते. प्रवाह जेथे सरळ व सुसंगत असतो तेथे ही ओढ अंतःस्तरातील कोशिकांना (पेशींना) हितकर ठरते. त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करतात व त्यामुळे वाहिनी सैल राहून रुंदावते. जोडणीच्या जागी मात्र रोहिणीतून वेगाने आलेले रक्त कोन करून वळते. तेथे भोवरे निर्माण होतात आणि ओढीची दिशा क्षणाक्षणाला बदलते. अशा संक्षोभी प्रवाहात अंतःस्तराचे संरक्षक कार्य कमी पडते. शस्त्रक्रियेत नीला मोकळी करताना तिच्या भित्तीला पोसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या तुटतात व तिला ताण पडतो, त्याची यात भर पडते. मूत्रविषरक्तता (वृक्के निकामी झाल्याने त्याज्य पदार्थ रक्तात साचण्याची स्थिती), मधुमेह व दीर्घकालीन शोथ (दाह) यांमुळे तर रुग्णाच्या वाहिन्यांचा अंतःस्तर शस्त्रक्रियेपूर्वीच बिघडलेला असतो.

इजा झालेला अंतःस्तर व त्यावर जमलेले बिंबाणू वृद्धिकारक द्रव्ये सोडतात. त्यांच्या प्रभावाने मध्यस्तरातील अरेखित स्नायूंच्या कोशिका आणि बाह्यस्तरातील तंतुनिर्मात्या कोशिका आतल्या बाजूस सरकतात, तेथे संख्येने वाढतात व आपल्याभोवती कोलॅजेनासारखे द्रव्य साठवतात. मूळ अस्तराच्या आत अशा रीतीने एक नवा जाड थर तयार होतो. यास नवांतःस्तर अतिवृद्धी म्हणतात. ही जखम भरून येण्याचीच क्रिया होय. मात्र जखमेचे कारण असलेला प्रवाह अखंड चालू असल्याने ती थांबत नाही. नीला बाहेरच्या बाजूस रुंदावली, तर काहीसा जाड थर होऊनही पोकळी पुरेशी राहते. ती रुंदावली नाही, तर थोड्या वाढीनेही पोकळी आकुंचित होते.

अरुंदी कोठे येते हे बहुधा ठरलेले असते. मनगटाच्या फिस्टुलात ती जोडणीपासून लगतच्या काही सेंमी. भागात येते. कोपराजवळच्या फिस्टुलात, दंडाच्या बाहेरच्या कडेची नीला खांद्यापाशी वळून खोल नीलेस मिळते तेथे ती आढळते. कृत्रिम वाहिनीत ती मुख्यतः नळी व नीला यांच्या जोडावर होते, कारण तेथे ताठर नळी व मऊ नीला एकत्र येतात. कॅथेटर वापरलेल्या रुग्णात ती छातीतील मोठ्या नीलांमध्ये होते. गळ्याच्या हाडाखालून जाणाऱ्या (अधोजत्रु) नीलेत कॅथेटर घातल्यास ती आकुंचित होण्याचा धोका विशेष असतो व त्यामुळे त्या बाजूच्या संपूर्ण हातात पुढे फिस्टुला करणे अशक्य होऊ शकते. म्हणून ही जागा शक्यतो टाळतात.

सुयांच्या इजेचाही येथे विचार करावा लागतो. प्रत्येक सत्रात दोन सुया घालाव्या लागतात. आठवड्यातून तीन सत्रे धरल्यास वर्षास सु. ३०० वेळा वाहिनी टोचली जाते. त्याच त्या लहान भागात टोचत राहिल्यास तेथील भित्ती कमकुवत होऊन फुगवटा येतो व त्याच्या शेजारी अरुंदी निर्माण होते. म्हणून शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दर वेळी जागा बदलत टोचण्याची पद्धत अवलंबतात.

बंद पडण्याची क्रिया : प्वाझय यांच्या नियमानुसार, इतर बाबी तशाच राहिल्यास, नळीतून होणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, व्यास निम्मा झाल्यास प्रवाह सोळावा हिस्सा होतो. वाहिनीतील अरुंदी अल्प लांबीची असल्याने प्रत्यक्षात एवढी घट होत नाही. तथापि व्यास निम्म्याने कमी होणे ही धोक्याची मर्यादा मानतात. प्रवाह मंदावला की रक्त रेंगाळते व इजा झालेल्या अस्तरावर त्याचा गोळा बसतो. यास अंतर्क्लथन म्हणतात. पुष्कळदा मूळ अरुंदी काही महिन्यांची असते आणि शेवटचे कारण क्षुल्लक असते : सत्रात अधिक पाणी काढल्याने रक्तदाब उतरणे, जुलाब किंवा उन्हाळा यांमुळे शरीरातील पाणी कमी होणे, सुई काढल्यावर जागा फार घट्ट आवळणे, रात्रभर त्याच हातावर झोपणे इत्यादी.

लक्षणे व परीक्षण : चांगल्या फिस्टुलावर बोटे ठेवली असता सतत सौम्य कंप जाणवतो व कान किंवा स्टेथॉस्कोप लावल्यास अखंड, खालच्या पट्टीतील घरघर ऐकू येते. हात डोक्यावर उचलल्यास फुगलेली नीला सैल पडते. पुढे अरुंदी असल्यास कंपाऐवजी नाडीसारखे कठीण ठोके लागतात, आवाज उच्च पट्टीचा व तुटक होतो आणि हात उचलूनही नीला फुगलेलीच राहते. जोडणीजवळच अरुंदी असल्यास फिस्टुला याउलट मऊ व दुबळा लागतो. सुई घालण्यास अडचण येणे, परतीच्या रक्ताचा दाब सत्रागणिक वाढत जाणे, सुई काढल्यावर रक्त नेहमीपेक्षा अधिक वेळ वाहणे, हात सुजणे व अपोहनाने रक्त पूर्वीइतके शुद्ध न होणे, ही इतर लक्षणे होत. कंप अजिबात न लागणे म्हणजे वाहिनी गोठल्याची खूण होय. संशय आल्यास श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने प्रवाह व व्यास मोजतात. बोटांनी केलेल्या या परीक्षेस कोणतेही उपकरण लागत नाही आणि रुग्ण ती स्वतः रोज करू शकतो, हे तिचे विशेष महत्त्व आहे.

उपचार : अरुंद भागात बारीक नळीवरील फुगा नेऊन तो फुगवून वाहिनी रुंद करणे (अँजिओप्लास्टी) हा नेहमीचा उपचार आहे. फुग्याच्या दाबाने भित्तीस पुन्हा इजा होते व तीच अतिवृद्धी नव्याने सुरू होते, हा त्याचा दोष होय. त्यामुळे पुष्कळ रुग्णांत तो काही महिन्यांनी पुन्हा करावा लागतो. कोशिकांची वाढ रोखणाऱ्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाचा लेप दिलेल्या फुग्यांची ३३० रुग्णांवर चाचणी घेण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी उपचारित भाग मोकळा राहण्याचे प्रमाण अशा फुग्यांनी ८२·२ टक्के, तर साध्या फुग्यांनी ५९·५ टक्के आढळले. मनगटाजवळच्या अरुंदीत शस्त्रक्रियेने जोडणी थोडी वर नव्याने करता येते. वाहिनी गोठल्यास गुठळी काढणे किंवा विरघळवणे शक्य असते. परंतु ते शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावे लागते आणि मूळ अरुंदी त्याच वेळी दूर न केल्यास वाहिनी पुन्हा गोठते. विलंब झाल्यास गुठळी भित्तीस चिकटून फिस्टुला कायमचा जातो. मग रुग्णास तात्पुरता कॅथेटर घालावा लागतो व त्यामुळे मोठ्या नीलांना पुढील इजा होण्याची शक्यता निर्माण होते.

महाराष्ट्रातील स्थिती : एकेकाळी मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरते मर्यादित असलेले अपोहन आता जिल्ह्यांच्या ठिकाणी व काही तालुक्यांतही होऊ लागले आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने (२०१७ पासून महात्मा जोतीबा फुले जन आरोग्य योजना) व २०१६ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमाने उपचाराच्या खर्चाचा भार पुष्कळ रुग्णांपुरता हलका केला. यंत्रे जितकी सुलभ झाली तितकी वाहिन्यांची शस्त्रक्रिया व फुग्याचे उपचार करणारे तज्ञ मात्र सर्वत्र पसरलेले नाहीत. ते मोठ्या शहरांतच एकवटलेले आहेत.

सांगली जिल्ह्यातील विटा हे याचे उदाहरण म्हणून घेता येईल. खानापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण जिल्ह्याच्या पर्जन्यछायेच्या, अवर्षणप्रवण भागात गुहागर–विजापूर मार्गावर वसले असून यंत्रमाग, कुक्कुटपालन आणि देशभर पसरलेला सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय यांसाठी ते प्रसिद्ध आहे. या परिसरातील रुग्णास वाहिन्यांच्या विशेष उपचारांसाठी कराड, सांगली, मिरज किंवा कोल्हापूर गाठावे लागते. रात्री फिस्टुलाचा कंप थांबला आणि तो दुसऱ्या अथवा तिसऱ्या दिवशी, पुढच्या सत्राच्या वेळी लक्षात आला, तर उपचाराची मुदत वाटेतच संपते. हेच रोज सकाळ-संध्याकाळ बोट लावून पाहणाऱ्या रुग्णाच्या वेळीच ध्यानात येते. अशा कोरड्या प्रदेशातील उन्हाळ्यात पाण्याचा तोल सांभाळणे विशेष कठीण असते : पाणी अधिक प्यायल्यास दोन सत्रांमध्ये वजन वाढते व ते एकदम काढताना रक्तदाब उतरतो, उन्हातील श्रमात घाम फार गेल्यास रक्त आटते. दोन्ही प्रकारे अरुंद फिस्टुला गोठू शकतो. गलाईच्या व्यवसायानिमित्त परप्रांतात राहणाऱ्यांना अपोहन केंद्र बदलावे लागल्यास आधीच्या शस्त्रक्रिया, अरुंदीची जागा व प्रवाहाची मोजमापे यांची नोंद बरोबर असणे आवश्यक ठरते.

जपणूक : वाहिनीमार्गाचे रक्षण अपोहन सुरू होण्याच्या कितीतरी आधी करावे लागते. वृक्कविकार जडलेल्या व्यक्तीच्या दंडातील व पुढच्या हातातील नीलांमधून रक्त काढणे किंवा सलाइन लावणे टाळावे. आवश्यकच असेल तेव्हा हाताच्या पाठीवरील नीला वापरावी. अशक्तपणा आला की सलाइन लावून घेण्याची प्रथा खेड्यापाड्यांत रूढ आहे; तिच्यामुळे पुढे फिस्टुलास लागणारी नीला शोथ येऊन आधीच बंद पडते. फिस्टुला शक्यतो ज्या हाताने नित्याची कामे करीत नाहीत त्या हातात, आधी मनगटाजवळ व नंतर वर, या क्रमाने करतात. कारण वरचा मार्ग आधी वापरल्यास त्याच हातातील खालचे मार्ग हातचे जाण्याचा संभव असतो. अपोहनाची गरज लागण्याच्या काही महिने आधी तो केल्यास कॅथेटर टळतो. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, घट्ट बांगड्या, घड्याळ किंवा धागा बांधू नये, जड पिशवी कोपरात अडकवू नये व सुई घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावा. चेंडू दाबण्यासारखा हलका व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

नवांतःस्तराची वाढ पूर्णपणे थांबवणारे औषध अद्याप उपलब्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेवाचून, त्वचेतून घातलेल्या नळ्यांच्या साहाय्याने फिस्टुला करण्याच्या पद्धतींना अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. औषधलेपित फुगे व प्रयोगशाळेत वाढवलेल्या वाहिन्या यांवरही संशोधन चालू आहे. यशस्वी वृक्करोपण झालेल्या रुग्णाची वाहिनीमार्गाची गरज संपते. परंतु ते सर्वांना लाभत नाही व रोपित वृक्कही पुढे निकामी होऊ शकते. त्यामुळे शाबूत नीला ही अशा रुग्णाची खर्च झाल्यावर परत न मिळणारी ठेव असते आणि ती राखण्याची जबाबदारी शल्यचिकित्सक, अपोहन केंद्रातील कर्मचारी, गावातील डॉक्टर व स्वतः रुग्ण या सर्वांवर सारखीच असते.